तक्रार कोणाची? स्त्रियांच्या लैंगिक समस्यांच्या निदानाचा इतिहास



आजारांना नावं कशी पडतात, आणि एकदा पडलेली नावं माणसांचं काय करतात, हा आपला चालू विषय. त्यातलं आजचं प्रकरण जरा अवघड आहे, कारण चारचौघांत ते बोलायची आपल्याला सवय नाही. स्त्रियांच्या लैंगिक समस्यांचं निदान वैद्यकाने कसं केलं, त्यांचे वर्ग कसे पाडले आणि ते पुन्हा पुन्हा का मोडले, हे आज पाहू. आम्ही डॉक्टर नाही, आमचं शिक्षण तत्त्वज्ञानातलं. त्यामुळे इथे औषध सांगितलं जाणार नाही. पण 'वर्ग पाडणे' हा तत्त्वज्ञानाचा जुना उद्योग आहे, आणि कुठल्याही वर्गाकडे पाहताना काय विचारावं एवढं आम्हाला ठाऊक आहे.

आज तीन प्रश्न हाताशी ठेवू. तक्रार कोण करतंय? मोजपट्टी कुठून आणली? आणि इलाज कोणाच्या समाधानासाठी चाललाय? या इतिहासात दर टप्प्यावर या तिघांची उत्तरं वेगळी येतात, आणि बराच काळ त्या उत्तरांत खुद्द ती स्त्री नसते.

सुरुवात एका शब्दापासून करू. इंग्रजीत 'फ्रिजिड' म्हणजे थंड. मराठीतही 'ती थंड आहे' असं बाईबद्दल कुजबुजत बोललं जातं. पण हा शब्द कायद्यात आला तो पुरुषांसाठी! मध्ययुगीन युरोपात लग्न हा चर्चच्या अखत्यारीतला विषय होता. नववे पोप ग्रेगरी यांनी १२३४ साली चर्चच्या कायद्याचं जे संकलन जारी केलं, त्यात 'थंड' आणि 'चेटूक झालेल्या' व्यक्तींविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा 'थंड' म्हणजे प्रामुख्याने शरीरसंबंध करू न शकणारा नवरा. लग्न रद्द करायचं की नाही, हा तिथला सवाल. जोडप्याने तीन वर्षं एकत्र राहून प्रयत्न करून पाहावा, अशीही एक रीत होती. सुखाचा, इच्छेचा, समाधानाचा तिथे संबंधच नव्हता. विवाह 'पुरा' झाला की नाही, एवढंच पाहायचं.

ही फार जुनी गोष्ट वाटत असेल, पण तिचा धागा आपल्यापर्यंत आला आहे. चर्चच्या न्यायालयांतून ही कल्पना इंग्रजी कायद्यात गेली आणि तिथून आपल्याकडे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ पाहा. जोडीदाराच्या 'इम्पोटन्स'मुळे शरीरसंबंध झालाच नसेल, तर विवाह रद्द करून मागता येतो. हे कलम नवऱ्याला जसं लागू आहे तसंच बायकोलाही. म्हणजे ज्या स्त्रीला संबंधाच्या वेळी असह्य वेदना होतात, तिची वेदना दवाखान्यात लक्षण असते आणि कोर्टात तिच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते. निदानाचा कागद कोणाच्या हातात जातो, हे म्हणून महत्त्वाचं.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. इथे स्त्रीवर दोन्ही बाजूंनी आरोप आहेत. जास्त इच्छा असली तर आजार, आणि कमी असली तर तो स्वभावच! १७७१ साली बिएनव्हिल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 'निम्फोमेनिया'वर आख्खा ग्रंथ लिहिला होता, आणि स्त्रीची 'अति' कामेच्छा हा रोग म्हणून रूढ झाला होता. अति म्हणजे किती, ते ठरवणार डॉक्टर, बाप किंवा नवरा. दुसऱ्या बाजूला लंडनचे डॉक्टर विल्यम ॲक्टन. यांचं पुस्तक १८५७ साली निघालं आणि त्याच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या. त्यांचं म्हणणं असं की बहुसंख्य स्त्रियांना कामभावनेचा फारसा त्रासच नसतो, आणि हे त्यांचं भाग्य. आता अशा जगात एखादी बाई 'मला सुख मिळत नाही' असं कोणाला सांगणार? ती तक्रार बसवायला कप्पाच नव्हता.

याच काळात एक कप्पा मात्र तयार झाला. अमेरिकन शल्यविशारद मॅरियन सिम्स यांनी १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र सोसायटीपुढे 'व्हजायनिस्मस' हा शब्द मांडला. योनिमार्गाच्या तोंडाशी असलेले स्नायू आपोआप आवळले जातात आणि संबंध अशक्य होतो, किंवा अतिशय दुखतं, अशी ही अवस्था. सिम्स यांचा उपाय म्हणजे शस्त्रक्रियेने मार्ग मोकळा करायचा आणि नंतर काचेची नळी ठेवायची. त्यांच्या १८६६च्या पुस्तकात एक हकिगत आहे. एका स्त्रीला तिचे डॉक्टर घरी जाऊन ईथरची भूल देत, म्हणजे नवऱ्याला तिच्याशी संबंध करता यावा. तिला गर्भही राहिला. सिम्स हे उपायाचं यश म्हणून सांगतात. तिसरा प्रश्न आठवा: इलाज कोणाच्या समाधानासाठी? इथे रोगी बेशुद्ध आहे आणि इलाज यशस्वी झालेला आहे.

त्याच वर्षी लंडनचे आयझॅक बेकर ब्राऊन यांनी पुस्तक लिहून दावा केला की अपस्मार, हिस्टेरिया, वेडाचे काही प्रकार हे स्त्रीच्या हस्तमैथुनातून येतात, आणि शिश्निका कापून टाकली की बरे होतात. शिश्निका म्हणजे डॉक्टर ज्याला क्लिटोरिस म्हणतात तो अवयव. १८६७ साली सोसायटीने त्यांना काढून टाकलं. आपल्याला वाटेल, चला, शहाणपण आलं. पण त्या वेळच्या चर्चेत मोठा आक्षेप असा होता की स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला पुरती कल्पना न देता शस्त्रक्रिया केल्या गेल्या. नवऱ्याची परवानगी हा तिथे कळीचा मुद्दा होता.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. व्हिक्टोरियन डॉक्टर हिस्टेरियाच्या रुग्णांना यंत्राने कामतृप्ती देत असत, अशी एक कथा आपण सिनेमात पाहिली असेल. रेचल मेन्स यांच्या १९९९च्या पुस्तकातून ती पसरली. २०१८ साली दोन अभ्यासकांनी तिचे सगळे आधार तपासले आणि त्यातून असं काही सिद्ध होत नाही असं दाखवलं. गोष्ट रंजक आहे म्हणून इतिहास ठरत नाही.

विसाव्या शतकात मोजपट्टी बदलली. १९०५ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडलं की मुलीची कामसंवेदना आधी शिश्निकेत असते आणि वयात येताना ती योनीकडे सरकली पाहिजे. सरकली तर ती 'परिपक्व' स्त्री, नाही तर वाढ अडलेली. फ्रॉइड यांच्या परंपरेतले हिट्शमान आणि बर्गलर यांनी १९३६च्या इंग्रजी पुस्तकात याचा शेवटचा टप्पा गाठला: संभोगातून योनीमार्गे परमोच्च क्षण म्हणजे ऑरगॅझम येत नसेल, तर ती स्त्री 'फ्रिजिड'. बाकी तिला कितीही सुख मिळो! म्हणजे व्याख्येच्या एका फटकाऱ्याने असंख्य निरोगी बायका आजारी झाल्या. त्यांच्यात काहीच बदललं नव्हतं, फक्त रेघ सरकली होती.

या रेघेने केवढा छळ होऊ शकतो त्याचं उदाहरण म्हणजे मारी बोनापार्ट. नेपोलियनच्या घराण्यातली ही राजकन्या. तिला संभोगात सुख मिळत नव्हतं. तिने १९२४ साली टोपणनावाने एक शोधनिबंध छापला. २४३ स्त्रियांची मापं घेऊन तिने म्हटलं की शिश्निका आणि योनीचं तोंड यांतलं अंतर जास्त असेल तर संभोगात ऑरगॅझम येणं अवघड. पाहा, प्रश्न तिने शरीररचनेत शोधला होता, आणि ते धाडसाचं होतं. पण मोजपट्टी तीच ठेवली: संभोगातच सुख आलं पाहिजे. म्हणून तिने १९२७ साली व्हिएन्नात शस्त्रक्रिया करून शिश्निका जागेवरून हलवून घेतली. उपयोग झाला नाही, तरी पुढे पुन्हा करून घेतली. पुढे तीच फ्रान्समधली मनोविश्लेषणाची एक आधारस्तंभ झाली. एवढी बुद्धिमान, श्रीमंत, फ्रॉइड यांच्या जवळची बाई. व्याख्या चुकली असेल हे म्हणण्यापेक्षा शरीर कापून व्याख्येत बसवणं तिला सोपं वाटलं.

आता थोडं मुंबईत येऊ, कारण या वादाचा एक तुकडा खरोखर मुंबईत घडला आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि कामसुखाचा हक्क असतो, हे त्यांनी मराठीत आडपडदा न ठेवता लिहिलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. खटला हरले, मासिक थांबलं नाही. आणि दुसरे मुंबईचेच डॉ. ए. पी. पिल्ले. त्यांचं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' हे इंग्रजी नियतकालिक मुंबईहून निघायचं. त्यात स्त्रीच्या ऑरगॅझमवर जगभरच्या तज्ज्ञांचा वाद चालला होता. अर्न्स्ट ग्राफेनबर्ग यांचा १९५०चा तो प्रसिद्ध लेख, ज्यावरून पुढे 'जी-स्पॉट' हे नाव पडलं, तो याच मुंबईच्या नियतकालिकात छापला गेला. तेव्हा 'हा सगळा पाश्चात्त्यांचा विषय' असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

१९५३ साली आल्फ्रेड किन्से यांचा ग्रंथ आला. ५,९४० स्त्रियांच्या मुलाखती. फ्रॉइडपंथी 'सरकण्या'ला शरीरशास्त्रात आधार नाही असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. १९६६ साली विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी प्रयोगशाळेत ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुष यांच्या शरीरातले बदल प्रत्यक्ष नोंदवून चार टप्पे मांडले: उत्तेजना, पठार, परमोच्च क्षण आणि शमन. ऑरगॅझम कुठल्याही मार्गाने आला तरी शरीराच्या दृष्टीने तो एकच, असा त्यांचा निष्कर्ष. 'फ्रिजिड' हा ढिसाळ शब्दही त्यांनी नाकारला. सत्तरच्या दशकात हेलन सिंगर कॅपलान यांनी या साखळीच्या आधी 'इच्छा' हा टप्पा जोडला.

याच साखळीवरून वर्गीकरण झालं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 'डीएसएम' या निदानपुस्तिकेच्या १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत स्त्रियांसाठी कप्पे आले: इच्छेचा अवरोध, उत्तेजनेचा अवरोध, ऑरगॅझमचा अवरोध, शिवाय वेदना आणि व्हजायनिस्मस. आधीच्या गोंधळापेक्षा हे कितीतरी बरं होतं. चारित्र्य आणि परिपक्वता यांवरचे शेरे गेले. फक्त संभोगातून ऑरगॅझम न येणं हे अनेक स्त्रियांत स्वाभाविक असतं, हेही ऐंशीच्या दशकातल्या पुस्तिकांनी मान्य केलं.

पण मोजपट्टी कुठून आली ते पाहा. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी प्रयोगासाठी माणसं घेतानाच, ज्यांना ऑरगॅझम येतो अशीच घेतली होती. ज्यांना चार टप्पे गाठता येतात अशांना निवडायचं आणि मग 'मनुष्याला चार टप्पे असतात' असं म्हणायचं! मानसशास्त्रज्ञ लिओनोर टीफर यांनी ही खोट दाखवून दिली. शिवाय ही साखळी स्त्री-पुरुषांना सारखीच लावली गेली. व्हँकुव्हरच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली वेगळं चित्र मांडलं. दीर्घ सहवासातल्या अनेक स्त्रियांत इच्छा आधी येत नाही. जवळीक, विश्वास, स्पर्श आधी येतो आणि इच्छा त्यातून जागी होते. मग आधी इच्छा नसणं हा आजार कसा?

इथे तत्त्वज्ञानाचा एक मुद्दा सांगतो. जॉर्ज कांगिलेम हे फ्रेंच तत्त्वज्ञ, डॉक्टरही होते. १९४३च्या आपल्या प्रबंधात ते म्हणतात, की सरासरी काढून आजार सापडत नाही. आधी कोणीतरी माणूस 'मला बरं वाटत नाही' म्हणतो, म्हणून वैद्यक जन्माला येतं. लैंगिक निदानाच्या बाबतीत हे उलटं झालं होतं. आधी रेघ, मग रोगी. डीएसएमच्या १९९४च्या चौथ्या आवृत्तीत एक अट आली: त्या अवस्थेमुळे ठळक मनस्ताप होत असला पाहिजे, किंवा नात्यात अडचण येत असली पाहिजे. शब्द थोडेच, पण बदल मोठा. पहिल्यांदा व्याख्येतच विचारलं गेलं, 'बाई, तुम्हाला याचा त्रास होतो का?' मात्र 'किंवा नात्यात अडचण' हे शब्दही तिथे होतेच. त्या फटीतून नवऱ्याची तक्रार पुन्हा आत येऊ शकत होती.

या अटीची किंमत लवकरच कळली. १९९८च्या मार्चमध्ये व्हायग्राला मान्यता मिळाली आणि औषध कंपन्यांचं लक्ष स्त्रियांकडे वळलं. १९९९ साली लाऊमन, पेक आणि रोझन यांचा निबंध आला: अमेरिकेत ४३ टक्के स्त्रियांना 'लैंगिक समस्या'. हा आकडा जगभर फिरला. तो आला कुठून? १९९२च्या एका सर्वेक्षणातल्या १,७४९ स्त्रियांच्या उत्तरांतून. सात अडचणींपैकी एक जरी गेल्या वर्षभरात काही महिने जाणवली, तरी बाई त्या ४३ टक्क्यांत. त्रास झाला का, हे विचारलेलंच नव्हतं. घरात आजारपण असेल, तान्हं मूल असेल, नवऱ्याशी भांडण असेल, सगळं त्यात. दोघा लेखकांचे व्हायग्राच्या कंपनीशी संबंध असल्याचं नंतर जाहीर झालं. २००८ साली ३१,०००हून अधिक स्त्रियांचं सर्वेक्षण छापलं गेलं. कुठलीतरी अडचण सांगणाऱ्या स्त्रिया पुन्हा चाळिसाच्या वरच निघाल्या, पण अडचण आणि तिचा मनस्ताप दोन्ही असलेल्या स्त्रिया साधारण १२ टक्के. त्रासाचा एक प्रश्न विचारला आणि आकडा तिपटीहून खाली आला.

पुढची गोष्ट तर वर्गीकरणाच्या विद्यार्थ्याने पाठ करावी अशी. फ्लिबॅन्सेरिन हे औषध आधी नैराश्यासाठी तपासलं गेलं, तिथे चाललं नाही. मग ते 'कामेच्छेच्या कमतरते'साठी पुढे आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते दोनदा नाकारलं. मग 'पुरुषांना औषध, स्त्रियांना का नाही?' अशी समतेची मोहीम उभी राहिली, तिला औषध कंपनीचं पाठबळ होतं, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये मान्यता मिळाली. चाचण्यांतला फायदा किती? बनावट गोळीच्या तुलनेत महिन्याला समाधानकारक संबंधाचे साधारण अर्धा ते एक प्रसंग जास्त. गंमत म्हणजे ज्या निदानासाठी हे औषध मान्य झालं, तो कप्पा डीएसएमच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीने स्त्रियांच्या बाबतीत आधीच मोडीत काढला होता! इच्छा आणि उत्तेजना एकत्र करून एकच निदान केलं होतं, व्हजायनिस्मस आणि वेदनाही एकत्र केल्या होत्या. पुस्तिकेतून आजार गेला, पण बाजारात त्याची गोळी आली.

टीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'न्यू व्ह्यू' नावाची मोहीम काढली. त्या म्हणाल्या, समस्या जरूर आहेत, पण त्यांची वाटणी कारणांवरून करा: समाज, राजकारण आणि पैसा, जोडीदाराशी नातं, मन, आणि शेवटी शरीराचे आजार. थकवा, भीती, अज्ञान, मारहाण यांना गोळी काय करणार?

इथे मात्र आम्हाला एक इशारा द्यायचा आहे. 'हे सगळं समाजाने रचलेलं' असं म्हणून मोकळं होणंही तितकंच घातक. जिला संबंधाच्या वेळी आग होते, जिला रजोनिवृत्तीनंतर कोरडेपणाने दुखतं, नैराश्याच्या गोळ्यांमुळे जिची संवेदना मंदावली आहे, तिचं दुखणं खरं आहे आणि त्यावर इलाज आहेत. 'सगळ्यांनाच होतं, सहन कर' हेही एक निदानच आहे, आणि फार वाईट निदान आहे. बाईची वेदना मनाचे खेळ म्हणून झटकणारी परंपरा आपण आत्ताच पाहिली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी'ची अकरावी आवृत्ती २०२२च्या जानेवारीपासून लागू झाली. तिने लैंगिक समस्या मनोविकारांतून काढून 'लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थिती' या नव्या प्रकरणात ठेवल्या. मनाचा की शरीराचा, ही जुनी भिंत पाडली. आणि स्पष्ट लिहिलं की लैंगिक वर्तनाचा कोणताही आदर्श नमुना नाही. जे त्या व्यक्तीला समाधान देतं ते समाधानकारक. तेराव्या शतकातल्या 'विवाह पुरा झाला की नाही' पासून इथवर यायला जवळजवळ आठशे वर्षं लागली.

मग प्रश्न सुटला का? एक गाठ राहते, ती सांगून थांबतो. त्रास असेल तरच आजार, हे तत्त्व आम्हाला योग्य वाटतं. पण त्रास वाटायला आधी अपेक्षा लागते. जिला लहानपणापासून शिकवलं की हे नवऱ्याचं काम आहे, आपण फक्त निमूट राहायचं, तिला विचारलं तर ती म्हणेल 'मला काही त्रास नाही', आणि ते खोटं नसेल. उलट जिला सासूने किंवा नवऱ्याने 'हिच्यात दोष आहे' म्हणून दवाखान्यात आणलं आहे, ती म्हणेल 'खूप त्रास आहे', पण तो त्रास कुणाचा? पुस्तिकेतली कितीही चांगली व्याख्या हे ओळखू शकत नाही. ते त्या खोलीतल्या डॉक्टरला ओळखावं लागतं. त्यासाठी बाईला एकटीने बोलता आलं पाहिजे, तिच्या भाषेत तिच्या अवयवांना शिवी नसलेली नावं असली पाहिजेत, आणि 'नको' म्हणण्याची मुभा असली पाहिजे. 'नको' म्हणता येत नसेल, तर 'हवं' नसल्याची तक्रार कशी मोजणार?

तेव्हा मंडळी, यापुढे 'इतके टक्के स्त्रियांना अमुक समस्या' असा आकडा वाचलात, तर तो खरा की खोटा यावर लगेच वाद घालू नका. आधी विचारा, त्या बायकांना त्रास होतो का, हे त्यांना कोणी विचारलं होतं का? आणि विचारलं तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?

इथे थांबू. शंका असतील त्या जरूर पाठवा.